हरी मिस्त्री उमेदवार होतो

हरी शेवाळे पंधरा वर्षं कंदिलाच्या काचा फुंकत होता. कराड स्टेशनाजवळच्या काचेच्या कारखान्यात तो एकोणिसाव्या वर्षी लागला आणि चौतिसाव्या वर्षी सगळे त्याला हरी मिस्त्री म्हणू लागले. भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं, लांब लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा लालभडक गोळा उचलायचा, नळी फिरवत फिरवत फुंकायचं. हरीने फुंकलेली काच उजेडात धरली तर कुठे जाड-पातळ दिसत नसे. हे त्याला ठाऊक होतं आणि त्याचा थोडा ताठाही होता.

१९५८ च्या जानेवारीत कारखान्यात एक पाहुणे आले. डॉक्टर नंदकिशोर पाळंदे. मूळचे पुण्याचे, बंगलोरच्या एका विज्ञानसंस्थेत संशोधन करणारे. त्यांना काचेचं एक मोठं झाकण हवं होतं, घंटेच्या आकाराचं, रांजणाएवढं, आणि इतकं निर्दोष की त्याच्या आतली सगळी हवा काढून घेतली तरी ते फुटता कामा नये. मुंबईत दोन ठिकाणी त्यांना नकार मिळाला होता. इथेही मॅनेजरांनी मान हलवली. पण हरी पुढे झाला. पहिली घंटा फसली, दुसरी निवताना तडकली. तिसरी जमली. ती साच्यातून बाहेर आली तेव्हा पाळंदे डोळ्यांवरचा चष्मा काढून नुसते बघत उभे राहिले.

"तुम्ही बारीक काम केलंय कधी?" त्यांनी विचारलं.

"किती बारीक?"

"बोरूएवढ्या नळीच्या आत दुसरी नळी, आणि दोन्ही एका टोकाला जोडलेल्या."

"नाही, साहेब."

"करून बघावंसं वाटतं?"

त्या दिवशी घरी जेवताना हरीने पाण्याच्या पेल्यात एक काडी उभी धरली आणि बायकोला विचारलं, "आतली नळी बाहेरच्या नळीला न शिवता कशी काय उभी राहत असेल गं?"

अहल्या म्हणाली, "आधी भाकरी खावा."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. इंग्रजीत, वर संस्थेचं बोधचिन्ह. पोस्टमास्तरांनी वाचून दाखवलं. संस्थेच्या काचशाळेत साहाय्यकाची जागा आहे. आठ दिवस येऊन काम करून दाखवावं. जाण्यायेण्याचं भाडं संस्था देईल. मार्च महिन्यात यावं, तसं आधी कळवावं.

हरीने ते पत्र अहल्येला तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याने ते आप्पाजींना सांगितलं. आप्पाजी म्हणजे भट्टीवरचे सर्वांत जुने मिस्त्री. हरीच्या हातात पहिली नळी त्यांनीच दिली होती. त्यांनी तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं.

"हितं तुला काय कमी हाय?" ते म्हणाले. "ह्या भट्टीवर माज्यामागं तूच. तिकडं कोण वळकतंय तुला? भाषा न्हाई, माणसं न्हाई. हितला राजा तितं जाऊन झाडू मारशील."

हरीला ते पटलंही. घरी येऊन तो म्हणाला, "नको म्हणून कळवतो."

अहल्या चुलीपुढून उठली. ती मसूरची. लग्न होऊन कराडात आली, त्यापलीकडे मिरजेशिवाय तिने काही पाहिलं नव्हतं. "न बघताच नको?" ती म्हणाली. "बाजारात वांगंसुद्धा दाबून बघतो आपण."

"मग जाऊन येतो आठ दिवस."

"मी पण येणार."

"तू कशाला?"

"काच तुम्ही बघा. गाव मी बघते. राहायचं झालं तर तुम्ही दिवसभर काचेत, गावात मलाच राहायचंय की."

तीन वर्षांच्या लेकीला, प्रतिमाला, मसूरला आजोळी ठेवलं आणि दोघं गाडीत बसली. बेळगाव मागे पडलं, हुबळी मागे पडली. स्टेशनांवरच्या पाट्यांची अक्षरं गोल गोल होत गेली तशी अहल्या खिडकीला जास्तच चिकटून बसली. हरी खिशातलं पत्र सारखं चाचपून बघत होता. तिच्या तोंडावर मात्र हसू मावत नव्हतं.

उतरायची सोय बंगलोरच्या चामराजपेटेत होती. कराडच्या एका शिंप्याचे मावसभाऊ प्रतापराव तिथे कपडे शिवण्याचं दुकान चालवत. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगलोरातच. स्टेशनावरून जटका नावाच्या टांग्यात बसून दोघं त्यांच्या दारात पोचली, तर प्रतापरावांची बायको तानूबाई पुढे आली आणि म्हणाली, "या, या, अण्णा. या, अक्का. स्वल्प बसा की हो, कापी आणते."

अहल्या हरीच्या कानाशी लागली, "स्वल्प म्हणजे स्वल्पविरामातलाच का हो?"

तानूबाईंनी ते ऐकलं आणि त्या इतक्या मोठ्यांदा हसल्या की आतून प्रतापराव सुई हातात घेऊनच बाहेर आले. त्यांची मराठी मराठीच होती, पण तिच्यात मधेच 'ठीक'च्या जागी 'सरी' यायचं, मधेच 'पुरे'च्या जागी 'साकु' यायचं, आणि वाक्याचा शेवट भलतीकडेच चढायचा. अहल्येला ती ऐकायला फार गोड वाटली. संध्याकाळपर्यंत तिने पाच कानडी शब्द पाठ केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरी बसने संस्थेत गेला. दगडी इमारतीच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तीच काचशाळा. हरीने दारातूनच भट्टी शोधली. भट्टी नव्हतीच. लाकडी टेबलावर एक पितळी बर्नर, त्यातून निघणारी टोकदार निळी ज्योत आणि ज्योतीमागे स्टुलावर बसलेला एक हडकुळा, टक्कल पडलेला माणूस. भिंतीला काचेच्या नळ्या उसासारख्या उभ्या करून ठेवलेल्या.

हे मुनियप्पा. काचशाळेचे प्रमुख. पन्नाशीचे. त्यांची हिंदी लष्कराच्या छावणीत शिकलेली, हरीची कारखान्यातली. दोन्ही मिळून काम भागलं. त्यांनी हरीला निळसर जांभळ्या काचांचा चष्मा दिला. उघड्या डोळ्यांनी बघितलं की तापलेल्या काचेभोवती पिवळा जाळ उठायचा आणि आतलं काही दिसायचं नाही. चष्मा लावला आणि तो पिवळा जाळ एकदम नाहीसा झाला. उरली फक्त काच, मऊ होत चाललेली, लोण्यासारखी.

"अरे!" हरी मोठ्याने म्हणाला. पंधरा वर्षं तो त्या जाळाकडे डोळे बारीक करून बघत आला होता.

मुनियप्पांनी त्याला एक नळी दिली. एक टोक बंद कर, मधे ताप दे, फुगा काढ. हरीने नळी ज्योतीत धरली, फिरवली, तोंडाला लावली आणि फुंकली. भट्टीवरची फुंकर होती ती. नळी फाटकन फुटली आणि काचेचा कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा हवेत तरंगत खाली आला. दुसरी फुटली. तिसरीही. दुपारपर्यंत टेबलाखालची टोपली भरली.

"फुंकू नकोस," मुनियप्पा म्हणाले. "गाल फुगव आणि थांब. काच स्वतः घेते तेवढा श्वास घेऊ दे."

त्या दिवशी हरी घरी आला तो मान खाली घालून. "काम शिकायला आलेला पोरसवदा उमेदवार पण इतकं फोडत नाही," तो म्हणाला. "आप्पाजी खरं बोलत होते."

अहल्येला त्याची समजूत घालायला वेळच नव्हता. तिला स्वतःचंच इतकं सांगायचं होतं. ती तानूबाईंबरोबर मोठ्या मार्केटात गेली होती. तिथे मोगऱ्याचे गजरे हाताच्या मापाने विकत, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक माप. तर तिने फुलवालीला म्हटलं, तुझा हात आखूड, माझ्या हाताने मोज. "मराठीत म्हटलं हो! तिला कळलं! हसली, आणि दिलं माझ्या हाताने मोजून." मार्चचा महिना असून वारा गार होता. रस्त्याकडेची झाडं निळ्या फुलांनी भरली होती. आणि बसमधून साड्या नेसलेल्या बायका, हातात डबे, एकट्या, कारखान्यात कामाला निघालेल्या. "मी विचारलं तानूअक्कांना, ह्या सगळ्या नोकरीवाल्या? तर म्हणाल्या, मग काय झालं?"

हरी तिचं बोलणं ऐकत राहिला आणि जेवायचं विसरला.

तिसऱ्या दिवशी नळ्या फुटायच्या थांबल्या. चौथ्या दिवशी त्याने दोन नळ्या टोकाला टोक लावून जोडल्या. पाचव्या दिवशी तो नळीच्या आतली नळी जोडायला बसला, जी पाळंद्यांनी सांगितली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसला. डबा तसाच राहिला. शेवटी जोड बसला, गोल, स्वच्छ, एक बुडबुडा नाही. मुनियप्पांनी तो हातात फिरवून बघितला आणि काही न बोलता फळीवर ठेवला. हरीने त्याचाच अर्थ शाबासकी असा लावला आणि चामराजपेटेत उतरून घरापर्यंत जवळजवळ धावत गेला.

सहाव्या दिवशी सकाळी त्याने फळीकडे बघितलं. जोडापाशी एक केसाएवढी चीर होती. त्याने हात लावला आणि नळी दोन तुकडे होऊन पडली.

कराडच्या कारखान्यातही असं व्हायचं. चांगली निवलेली काच दुसऱ्या दिवशी कुणी हात न लावता तडकायची. 'काच रुसली' म्हणायचे आणि तुकडे परत भट्टीत टाकायचे. का रुसली, हे आप्पाजींनाही ठाऊक नव्हतं.

"ये," मुनियप्पा म्हणाले.

कोपऱ्यात एक पेटी होती. आत दिवा, दिव्यासमोर एक काळपट काच, आणि हातभर अंतरावर दुसरी तशीच. दोन्हींतून आरपार बघितलं तर अंधार. मुनियप्पांनी हरीचे दोन तुकडे त्या दोन काचांच्या मधे धरले.

अंधारात रंग पेटले. जिथे जोड होता तिथे निळा, पिवळा, तांबडा, एकमेकांत शिरलेले पट्टे, पाण्यावर रॉकेल सांडल्यावर उमटतात तसे. तुकडा हलवला की रंग हलायचे. मग मुनियप्पांनी स्वतः केलेली तशीच एक नळी तिथे धरली. काही नाही. नुसती काळी, शांत.

"रंग म्हणजे ताण," मुनियप्पा म्हणाले. "एक भाग आधी निवला, एक नंतर. आतल्या आत ओढाताण. वरून दिसत नाही. हळूहळू गार कर, रंग जातील. रंग गेले की मग शंभर वर्षं राहील."

हरी त्या पेटीपुढून उठेना. त्याने टोपलीतले तुकडे आणून एकेक धरून बघितले. कामाच्या चष्म्याची काच धरून बघितली. पाण्याचा ग्लास धरला. पाळंदे मधे येऊन गेले, त्यांनी हाक मारली, त्याला ऐकू आली नाही. पंधरा वर्षं त्याने काच हाताळली होती, तिच्यामुळे त्याचे हात भाजले होते, घर चाललं होतं, आणि तिच्या पोटात काय चालतं ते तो आज पहिल्यांदा बघत होता.

दुसऱ्या दिवशी पाळंद्यांची परवानगी काढून त्याने अहल्येला तिथे नेलं. ती पदर सावरून पेटीपुढे वाकली.

"अगं बाई!" ती म्हणाली. "हे आपल्या कंदिलाच्या काचेत पण असतं?"

"सगळ्या काचेत. आपण नुसतंच तडकली म्हणायचो."

आठव्या दिवशी तीन जणांची समिती बसली. हरीने त्यांच्यासमोर दोन जोड केले. एक बसला, एक वाकडा झाला. ते आत गेले. अर्ध्या तासाने पाळंदे बाहेर आले आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच हरीला कळलं.

"साहाय्यकाची जागा नाही देता येत म्हणतायत," पाळंदे म्हणाले. "मी बोललो, पण बारीक कामाचा अनुभव नाही हे खरंच आहे. मुनियप्पा मात्र अडून बसले. म्हणाले, हा माणूस मला हवा. तर असं ठरलंय की वर्षभर त्यांच्या हाताखाली उमेदवार म्हणून राहायचं. वर्षाने पुन्हा परीक्षा. जमलं तर जागा पक्की. पाच वाजेपर्यंत हो की नाही सांगायचंय."

"आणि वर्षाने नाही जमलं तर?"

पाळंदे खोटं बोलले नाहीत. "तर नाही," ते म्हणाले.

अहल्या बाहेर बसथांब्याजवळच्या झाडाखाली बाकावर बसली होती. हरी तिच्याशेजारी जाऊन बसला आणि त्याने सगळं सांगितलं. एक बस आली, थांबली, गेली.

"चौतीस वर्षांचा उमेदवार," हरी म्हणाला. "कराडात माझ्या हाताखाली सात जण आहेत. इथं मी झाडू घेऊन काचा गोळा करायच्या."

"आप्पाजी काय म्हणतील, हेच ना?"

"तेही आहे."

"ते म्हणतील ते म्हणतील. तुमचं काय?"

हरी आपल्या हातांकडे बघत राहिला. बोटांवर बारीक बारीक नवे चटके होते. "मला काल झोप नाही लागली," तो म्हणाला. "मनातल्या मनात जोड करत होतो. कुठं आच कमी पडली, कुठं घाई झाली. मला वाटतं मला येईल, अहल्या. म्हणजे येईलच असं नाही. पण वाटतं."

"मग?"

"तुझं काय? तुझी आई, बहीण, सगळी तिकडं. प्रतिमा इथं वाढेल, कानडी शाळेत जाईल."

अहल्येने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "खरं सांगू? तिकडं मी दळण घेऊन निघाले तरी चार घरांतून विचारतात, कुठं निघाली शेवाळ्यांची सून. इथं आठ दिवस फिरले, कुणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी भीती वाटली. मग बरं वाटायला लागलं. मग तर फारच बरं वाटलं." ती हसली. "आणि प्रतिमाला दोन भाषा येतील. आपल्याला एक येते, तीही भांडताना अपुरी पडते."

हरी उठला. "मग हो सांगू?"

"थांबा," अहल्या म्हणाली. "मीही येते. मलाही बघायचंय त्या मुनियप्पांचं तोंड."

दोघं आत गेली. हरीने हो म्हटलं. मुनियप्पांनी मान डोलावली आणि त्याच्या हातात झाडू दिला. खरोखरच दिला, टेबलाखाली काचा पडल्या होत्या. अहल्येला हसू आवरेना. मग हरीही हसायला लागला आणि हसत हसतच त्याने ती खोली कोपऱ्यापर्यंत झाडून काढली.

कराडला परतल्यावर सोपं गेलं नाही. आप्पाजी त्याच्याशी बोलायचे थांबले. जूनमध्ये ट्रंका, वळकट्या आणि प्रतिमाला घेऊन ती दोघं निघाली तेव्हा भट्टीवरचे सगळे स्टेशनावर आले होते, आप्पाजी मात्र आले नाहीत. हरी गाडी सुटेपर्यंत फाटकाकडे बघत होता. हे दुःख त्याला पुढे पुष्कळ दिवस पुरलं.

पण बंगलोरात पोचल्यावर दुःख करायला सवड नव्हती. संस्थेजवळ यशवंतपुरात दोन खोल्या मिळाल्या. शेजारी बेळगावकडची यल्लव्वा होती. ती एका दमात मराठी आणि कानडी दोन्ही बोलायची, त्यामुळे अहल्येची शाळा ओट्यावरच सुरू झाली. दिवाळीपर्यंत अहल्या भाजीवालीशी कानडीत भांडू लागली. पुढे १९६३ साली ती स्वतः जलहळ्ळीच्या घड्याळांच्या कारखान्यात कामाला लागली, चिमट्याने केसाएवढे भाग बसवायला, आणि मग घरात कुणाचं काम जास्त बारीक यावरून वाद सुरू झाले. पण ते नंतरचं.

पहिल्या वर्षात हरीने किती नळ्या फोडल्या याची गणती नाही. मुनियप्पा रागावत नसत, तुकडा पेटीत धरून दाखवत आणि म्हणत, "बघ, इथे घाई केलीस." हळूहळू रंग कमी झाले. एके दिवशी हरीने आपला जोड दोन काळ्या काचांच्या मधे धरला आणि काहीच दिसलं नाही. त्याला वाटलं दिवा गेला. दिवा चालू होता.

१९५९ च्या मे महिन्यात परीक्षेऐवजी पाळंद्यांनी एक कामच आणलं. त्यांना प्रयोगासाठी काचेच्या नळ्यांचं एक मोठं जाळं हवं होतं, भिंतीएवढं; तीसेक जोड, मधे फुगे, वळणं. त्यातली सगळी हवा पंपाने काढून घ्यायची. एकाही जोडात सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तर सगळं वाया. मुनियप्पा म्हणाले, "हे हरी करेल." आणि स्वतः बाजूला होऊन स्टुलावर बसले.

हरीला बावीस दिवस लागले. तेविसाव्या दिवशी सकाळी पंप सुरू केला. पाळंदे, मुनियप्पा, समितीतले तिघे, सगळे हवेचा दाब मोजायच्या नळीपुढे उभे. तिच्यातला पारा सरकू लागला. हरीला तिकडे बघवेना. तो खिडकीबाहेर बघत उभा राहिला. पंपाची घरघर हळूहळू बदलली, खालच्या सुरात गेली, मग नुसती टकटक राहिली. पाळंद्यांनी पंप बंद केला. आता हवा कुठून आत शिरली तर पारा हलणार. पाच मिनिटं गेली. अर्धा तास गेला. दुपार झाली. पारा होता तिथेच होता.

"शेवाळे," पाळंदे म्हणाले, "एकही नाही. एकही छिद्र नाही! जागा पक्की!"

मुनियप्पा उठले, त्यांनी एकेक जोड बोटाने चाचपला आणि शेवटी हरीच्या पाठीवर थाप मारली. "आता घरी जा," ते म्हणाले. "आज काही करू नकोस."

हरी सायकलवरून निघाला तो थेट घरी. अहल्या ओट्यावर यल्लव्वाबरोबर शेंगा सोलत बसली होती. भरदिवसा त्याला दारात बघून ती घाबरून उठली.

"काय झालं?"

"जमलं! सगळी हवा काढली. अडीच तास ठेवलं, काही आत शिरलं नाही. नोकरी पक्की झाली!"

"मग आता त्या नळ्यांत काय आहे?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीसुद्धा नाही!" हरी दोन्ही हात पसरून म्हणाला.

अहल्येने यल्लव्वाकडे बघितलं, मग हरीकडे. "बावीस दिवस खपून आत काही नाही," ती म्हणाली, "आणि आनंद हा एवढा!" तिने शेंगांची टोपली बाजूला सारली. तिघंही खो खो हसत सुटली, आणि आतून प्रतिमा काय झालं ते बघायला धावत बाहेर आली.